सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकऱ्याचे कर्ज

महाराष्ट्रात तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यावर आज व्याजाचा बोजा जवळपास उरलेला नाही. किसान क्रेडिट कार्डावरील कर्जाचा दर सात टक्के; वेळेवर परतफेड केली की त्यातले तीन टक्के केंद्र सरकार सोडते आणि उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेसारख्या मार्गांनी राज्य सरकार उचलते. या सवलतीच्या कर्जाची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. गोदाम, शीतगृह, प्रतवारी केंद्र उभारायचे असेल तर 2020 साली जाहीर झालेल्या एक लाख कोटींच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याज सवलत आहे. मसाला दळण्याचे वा लोणची घालण्याचे छोटे युनिट काढायचे असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान आहे. कागदावर तरी इतके स्वस्त भांडवल राज्यातल्या फार थोड्या धंद्यांच्या वाट्याला येत असेल. असे असताना कृषी पदवी घेऊन गावी परतलेला पंचविशीतला मुलगा पहिल्या भांडवलासाठी मामाकडे, पतसंस्थेकडे किंवा आईच्या दागिन्यांकडे का वळतो, या प्रश्नाचे उत्तर व्याजदरात सापडणार नाही. माझे म्हणणे असे आहे की व्याज हा त्याच्या अडचणींतला सर्वांत लहान भाग आहे आणि सरकारने आपला बहुतेक पैसा नेमका त्याच भागावर खर्च केला आहे. कर्ज कोणाच्या नावावर मिळते, कशाच्या तारणावर मिळते, किती मुदतीसाठी मिळते आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात हातात पडते, या चार गोष्टी पहिल्यापासून दुर्लक्षित राहिल्या आहेत.

आधी नावाचा प्रश्न घेऊ. बँकेच्या दृष्टीने शेतकरी म्हणजे सातबारा आणि आठ-अ हे जमिनीच्या नोंदीचे दोन उतारे. ज्या घरात वडील हयात आहेत, किंवा आजोबांच्या पश्चात जमीन चार भाऊ आणि दोन बहिणींच्या नावे सामाईक आहे, तिथे शेती प्रत्यक्ष पाहणाऱ्या तरुणाचे नाव त्या उताऱ्यावर नसते. सामाईक क्षेत्रावर कर्ज काढायचे तर सर्व खातेदारांच्या सह्या हव्यात, आणि त्यांतला एखादा काका मुंबईला किंवा सुरतेला असतो व सही करण्यापूर्वी त्याला वाटणीचा विषय आठवतो. वडिलांच्या नावावर आधीच सोसायटीचे पीककर्ज असते, म्हणजे उताऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असतो. त्याच जमिनीवर मुलाच्या नव्या उद्योगासाठी दुसरी बँक दुसरा बोजा चढवायला तयार होत नाही. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार राज्यातले सरासरी धारण क्षेत्र 1.34 हेक्टर होते, त्यामुळे बापाने मुलाला वेगळा तुकडा काढून देणे हा उपाय बहुतेक घरांना परवडणारा नाही. वर्तमानपत्री भाषेत ज्याला आपण तरुण शेतकरी म्हणतो, तो बँकेच्या संगणकात शेतकरी म्हणून अस्तित्वातच नसतो. तो फार तर सहकर्जदार किंवा जामीनदार असतो.

खंडाने वा बटईने जमीन करणाऱ्यांची अवस्था याहून बिकट आहे. कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणाऱ्या 1948 च्या कुळकायद्याचा धसका जमीनमालकांच्या मनातून अजून गेलेला नाही. कागदावर नाव आले की कूळ लागेल या भीतीने कुणी लेखी करार करत नाही, आणि लेखी करार नाही म्हणून कर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाईही नाही. जुन्या सातबाऱ्यातल्या बाराच्या नमुन्यात जमीन प्रत्यक्ष करणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी रकाना होता. तलाठी तिथे वर्षानुवर्षे ‘खुद्द’ लिहून मोकळे होत. मुलींच्या बाबतीत तर माहेरच्या उताऱ्यावर नाव हक्कसोडपत्राने गेलेले आणि सासरच्या उताऱ्यावर आलेलेच नाही, अशी दुहेरी अनुपस्थिती असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. ते जिथे पाळले गेले तिथल्या बायकांना पुढे किती दारे उघडली याचा हिशेब कर्जधोरण आखणाऱ्यांनी कधी मांडल्याचे दिसत नाही.

नावानंतर तारण. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 1 लाख 60 हजारांवरून दोन लाखांवर नेली. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण तिच्या शेजारी मुद्रा योजना ठेवून पाहावी. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण आहे, आणि आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा 2024 मध्ये वीस लाखांवर गेली. म्हणजे गावच्या स्टँडवर मोबाईलचे दुकान टाकणाऱ्या मुलाला जे विनातारण मिळू शकते, ते त्याच्या भावाला द्राक्षबागेसाठी मिळत नाही. त्याला दोन लाखांच्या पुढे गेले की गहाणखत, सर्च रिपोर्ट, पॅनेलवरच्या वकिलाची फी आणि मूल्यांकन या सगळ्यांतून जावे लागते. गंमत अशी की ज्या जमिनीसाठी एवढा आटापिटा होतो ती बँकेच्या फारशी कामाची नसते. थकबाकीदाराच्या जमिनीचा लिलाव पुकारला तर त्याच गावातला माणूस बोली लावत नाही, बाहेरच्याला गाव टिकू देत नाही, आणि निवडणूक जवळ असेल तर लिलावच स्थगित होतो. विकता न येणाऱ्या वस्तूचे तारण घेण्याचा हा सोपस्कार फक्त अर्जदाराला दारातून परत पाठवण्यापुरता उपयोगी पडतो.

याउलट ट्रॅक्टरचे कर्ज किती चटकन होते ते पाहावे. शोरूममध्येच वित्तकंपनीचा माणूस बसलेला असतो, कागद तिथेच होतात, आणि तीन एकरांच्या मालकाच्या दारात आठ-नऊ लाखांचे यंत्र उभे राहते. ते ओढून नेता येते, एवढेच त्याचे कारण. अनेक तरुणांच्या आयुष्यातले पहिले मोठे कर्ज हे असे शेतीच्या गरजेऐवजी सावकाराच्या सोयीने ठरते, आणि पुढे भाडोत्री नांगरटीचे काम पुरेसे मिळाले नाही की हप्ता चुकतो, सिबिल बिघडते आणि मग खरोखर गरजेच्या कर्जाची दारे बंद होतात. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावण्याची वेळ राज्यकर्त्यांवर पुन्हा पुन्हा येते. यावरूनच त्या सूचनेचे शाखेत काय होते ते समजावे.

जमिनीवर कर्ज देण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, पण ती एकमेव कधीच नव्हती. 1875 साली सुपे येथून पेटलेल्या दख्खनच्या दंगलींत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यानंतर 1879 चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला, आणि 1883 व 1884 च्या कायद्यांनी तगाईची, म्हणजे सरकारने शेतकऱ्याला थेट कर्ज देण्याची, पद्धत बसवली. तगाईची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होई, म्हणजे कर्जाची दोरी जमिनीलाच बांधलेली होती. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, ए. डी. गोरवाला यांच्या समितीचा तो अहवाल 1954 साली प्रसिद्ध झाला आणि धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सदस्य होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे, हा त्या पाहणीचा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत होतो. तिच्या शिफारशींतला दुसरा, अधिक मोलाचा भाग मात्र विस्मरणात गेला. कर्ज मालकीवर देण्याऐवजी अपेक्षित पिकावर द्यावे, आणि ते पिकाच्या विक्रीतूनच वसूल व्हावे, म्हणजे पतपुरवठा आणि विक्रीव्यवस्था एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, अशी ती कल्पना होती. पीककर्ज या नावाचा उगम तिथे आहे. नाव टिकले, पण मर्यादा ठरवताना पिकाचा हेक्टरी दर पाहायचा आणि देताना मात्र उतारा पाहायचा, असे त्याचे रूप झाले.

ती कल्पना अव्यवहार्य होती असे कुणी म्हणू नये, कारण पश्चिम महाराष्ट्रात ती सत्तर वर्षे चालू आहे. ऊस कारखान्याला जातो, कारखाना बिलातून सोसायटीची रक्कम आधी कापून घेतो आणि उरलेले खात्यावर येते. विकास सोसायटीचा सचिव ऊसवाल्याला कर्ज देताना फारसा विचार करत नाही. त्याला जमिनीपेक्षा कारखान्यातली नोंद महत्त्वाची वाटते. दुधाचेही तसेच. दर दहा दिवसांनी संघाचे बिल येते, त्यातून गाईचा हप्ता वळता होतो. ऊस आणि दूध या दोन मालांना सहज कर्ज मिळते यामागे त्यांचा पैसा कोणत्या वाटेने येतो हे बँकेला दिसते, एवढेच कारण आहे, आणि तेवढ्यासाठी राज्यातले हजारो तरुण पाणी नसताना ऊस लावतात, ही या पतव्यवस्थेने घडवलेली पीकपद्धती आहे. सोयाबीन, तूर, हळद, डाळिंब, भाजीपाला यांचा पैसा कोणत्या वाटेने येतो हे दिसण्याची व्यवस्था उभी करणे हे सरकारचे खरे काम होते.

छोट्या प्रक्रिया उद्योगाचे उदाहरण जरा जवळून पाहू. वसमत-हिंगोलीकडच्या एखाद्या तरुणाने हळद पावडरीचे युनिट काढायचे ठरवले असे धरू. पल्व्हरायझर म्हणजे दळणयंत्र, चाळणी, पॅकिंगचे यंत्र, वजनकाटा आणि शेड मिळून दहा लाखांचा प्रकल्प होतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत त्याने स्वतःचे दहा टक्के, म्हणजे एक लाख घालायचे; बँक नऊ लाख देणार; साडेतीन लाखांचे अनुदान मंजूर होणार. ते अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षे कर्जखाते नियमित राहून युनिट चालू असेल तरच शेवटी कर्जात वळते होते. ही तरतूद चुकीची आहे असे मी म्हणत नाही; अनुदान आधी हातात दिले तर यंत्रे कोटेशनमध्येच राहतात, हा अनुभव गावोगाव आहे. अडचण पुढे आहे. हळद निघते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. शिजवून, वाळवून, पॉलिश करून ती बाजारात येते तेव्हा भाव तुलनेने उतरलेला असतो आणि वर्षभराचा कच्चा माल त्याच दोन-तीन महिन्यांत भरून ठेवायचा असतो. महिन्याला दहा क्विंटल पावडर काढायची म्हटली तरी वर्षाला सव्वाशे क्विंटल हळकुंड लागेल, आणि क्विंटलला बारा हजार भाव धरला तर पंधरा लाखांची खरेदी त्या हंगामातच करावी लागेल. म्हणजे यंत्रांच्या दीडपट पैसा मालात अडकणार. बँक यंत्रांचे मुदतकर्ज देते, कारण योजना त्यासाठी आहे, उद्दिष्ट त्याचे आहे, आढावा बैठकीत आकडा त्याचा विचारला जातो. खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादा मागितली की आधी एक वर्षाची उलाढाल दाखवा, असे उत्तर मिळते. ज्याच्याजवळ माल भरायला पैसे नाहीत त्याने उलाढाल कोठून दाखवायची? तो मग दर महिन्याला आडत्याकडून उधारीवर चढ्या भावाने माल उचलतो, यंत्र आठवड्यातून दोन दिवस चालते, हप्ता मात्र पूर्ण महिन्याचा लागतो. दीड वर्षात युनिट बंद पडते आणि अहवालात कारण लिहिले जाते: उद्योजकतेचा अभाव.

या एका उदाहरणात अनुदानाच्या राजकारणाचा सारा दोष दिसतो. अनुदान यंत्राला मिळते म्हणून प्रकल्प यंत्राभोवती बेतला जातो. पस्तीस टक्के वाढवून घ्यायचे म्हणून प्रकल्प खर्च फुगवला जातो. प्रकल्प अहवाल करून देणारा सल्लागार तोच मजकूर गावाचे आणि अर्जदाराचे नाव बदलून पन्नास जणांना विकतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे असो वा पंतप्रधानांच्या नावाच्या कार्यक्रमाचे, कर्जप्रकरणे टाकणाऱ्यांमध्ये धंदा किती चालेल यापेक्षा सबसिडी किती बसेल याची चर्चा अधिक असते. कृषी पदवीधरांसाठी 2002 पासून असलेली अॅग्रिक्लिनिक योजना तर याच कारणाने चटका लावते. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेच्या देखरेखीखाली 45 दिवसांचे निवासी प्रशिक्षण, वीस लाखांपर्यंतच्या वैयक्तिक प्रकल्पाला 36 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 44 टक्के अनुदान, अशी तिची नीट आखणी आहे. महाराष्ट्रातून प्रशिक्षण घेणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. प्रशिक्षण घेणारे पुष्कळ, केंद्र उघडणारे थोडे आणि बँकेचे कर्ज मिळून अनुदान पदरात पडलेले त्याहून थोडे, हा उतरता क्रम मात्र सुटलेला नाही, आणि जे यशस्वी झाले त्यांतल्या अनेकांनी घरच्या पैशावर खत-औषधांचे दुकान टाकले आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत का बसतात, याची मीमांसा करताना त्यांना आळशी ठरवण्याआधी हा क्रम पाहायला हवा.

आता मुदतीकडे वळू. डाळिंब लावले तर दुसऱ्या वर्षानंतर, सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी, केशर आंबा चौथ्या-पाचव्या वर्षी हाताशी येतो. पीककर्ज वर्षभराचे. मधल्या वर्षांसाठी राज्यात भूविकास बँक होती. विहीर, पाइपलाइन, सपाटीकरण, फळबाग यांना लांब मुदतीचे कर्ज देण्यासाठीच ती निघाली होती. तिची थकबाकी वाढत गेली, कारभार बिघडला, ती अवसायनात गेली, आणि 2022 साली तिच्या सुमारे 35 हजार कर्जदारांचे 964 कोटींचे देणे माफ करून सरकारने तो विषय मिटवला. बँक मिटली; लांब मुदतीच्या कर्जाची गरज मिटली नाही. ती जागा कोणी भरली नाही, आणि आज तरुण शेतकरी फळबागेचा खर्च पीककर्जातून, म्हणजे बारा महिन्यांच्या पैशातून पाच वर्षांचे काम, करायला पाहतो.

बारा महिन्यांच्या या चौकटीतूनच ‘नवे-जुने’ नावाची प्रथा जन्मली आहे, जिचा उल्लेख कोणत्याही शासन निर्णयात नाही आणि जी प्रत्येक गावात आहे. मार्चअखेर दोन लाख भरायचे असतात. तूर विकलेली नसते किंवा भाव पडलेला असतो. मग गावातल्या एखाद्याकडून शेकडा दोन-तीन रुपये महिन्याने दोन लाख उचलायचे, ते बँकेत भरायचे, खाते नियमित करून घ्यायचे, आठ-पंधरा दिवसांनी नवे कर्ज उचलायचे आणि सावकाराला परत करायचे. पंधरा दिवस वापरले तरी व्याज पूर्ण महिन्याचे, म्हणजे चार ते सहा हजार. बँकेच्या दोन लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज चौदा हजार होते. ते सरकारने भरले आणि त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, सावकाराच्या घरी गेला. शून्य टक्के व्याजाचे कर्ज सावकाराच्या आधाराशिवाय टिकत नाही, ही 1875 नंतर दीडशे वर्षांनीची परिस्थिती आहे. मार्चअखेर ही तारीख बँकेच्या ताळेबंदाची आहे, शेताची नाही. पिकाच्या विक्रीच्या महिन्याला परतफेड बांधली आणि मुद्दल दरवर्षी पूर्ण फिरवण्याचा आग्रह सोडला, तर सरकारला एक रुपया जादा न देता हा खर्च वाचेल.

बँकांची बाजू ऐकल्याशिवाय हा विचार अपुरा राहील. शाखाधिकारी ठेवीदारांचा पैसा सांभाळतो, थकलेल्या खात्याचे उत्तर त्याला द्यावे लागते, आणि त्याच्या तालुक्यात 2008, 2017 आणि 2019 अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या होऊन गेल्या आहेत. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचे थकीत कर्ज माफ झाले, आणि नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंतचे प्रोत्साहन नंतर, 2022 मध्ये मिळू लागले. म्हणजे थकवणारा आधी सुटला. 2024 च्या निवडणुकीतल्या कर्जमाफीच्या आश्वासनानंतर अनेकांनी भरणा थांबवला आणि मार्च 2025 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांना, 31 मार्चपूर्वी कर्ज भरा, असे जाहीरपणे सांगावे लागले. अतिवृष्टीने वा दुष्काळाने मोडलेल्याला माफी द्यावी लागते, ते राज्याचे कर्तव्यच आहे, आणि कर्जमाफीला सरसकट ऐतखाऊपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. बड्या उद्योगांची कर्जे निर्लेखित होताना त्यांचा आवाज एवढा चढत नाही. परंतु माफीचा सगळ्यांत मोठा फटका ज्याने अजून एकही कर्ज घेतलेले नाही त्याला बसतो, हे मान्य करायला हवे. थकबाकीदार बापाचे खाते माफीने कोरे होते. शाखाधिकाऱ्याच्या मनातले गाव मात्र कोरे होत नाही. पुढच्या वर्षी त्या गावातून येणाऱ्या नव्या अर्जाकडे तो त्याच नजरेने पाहतो. नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँका परवान्याच्या संकटात सापडल्या तेव्हा त्या जिल्ह्यांत सोसायटीमार्फत मिळणारे कर्जच आटले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत गेल्यावर, तुमचे गाव आम्हाला दत्तक नाही, हे ठरलेले वाक्य ऐकावे लागले. ठरावीक गावे ठरावीक शाखेलाच जोडणारे सेवाक्षेत्राचे ते बंधन रिझर्व्ह बँकेने सरकारी योजनांचा अपवाद वगळता 2004 सालीच काढले आहे.

बँकेला द्यायचेच नसेल तर उद्दिष्टे वाढवून काही होत नाही, हेही यातून दिसते. एकूण कर्जाच्या 18 टक्के शेतीला आणि एकूण कर्जाच्याच दहा टक्के, त्या अठरांतूनच, अल्प व अत्यल्प भूधारकांना, हे प्राधान्यक्षेत्राचे बंधन बँका पाळतात. पाळताना सोनेतारणाची कर्जे शेतीच्या रकान्यात मोठ्या प्रमाणावर बसवतात. वयाचा रकाना मात्र त्या हिशेबात नाही. अमेरिकेत शेतीत दहा वर्षे पूर्ण न झालेला तो ‘नवा शेतकरी’ अशी सरकारी व्याख्या आहे, आणि जमीन घेताना त्याने पाच टक्के घालावेत, सरकारी कृषिसेवा संस्थेने 45 टक्क्यांपर्यंत द्यावेत आणि बाकीचे इतरांकडून उभे राहावेत, अशी वेगळी कर्जयोजना आहे. युरोपीय संघ चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यासाठी निधी राखून ठेवतो. त्यांची शेती, त्यांची धारणक्षेत्रे आणि त्यांचे पैसे आपल्यासारखे नाहीत, म्हणून त्या योजना उचलून आणण्यात अर्थ नाही. परंतु वर्गवारीच नसेल तर मोजणी नाही, आणि मोजणी नसेल तर दर तिमाहीला जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत त्याबद्दल कुणी बँकेला विचारू शकत नाही, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

हे बदलण्यासाठी लागणारी साधने आपल्याकडे नाहीत असेही नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालू आहे. कोणत्या गटात कोणते पीक आहे याची छायाचित्रासह नोंद त्यात होते. त्याच नोंदीत प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव, कुळाचा कोणताही हक्क त्यातून निर्माण होणार नाही असे कायद्याने स्पष्ट करून, घातले तर वडिलांच्या नावच्या जमिनीवर राबणारा मुलगा, सून आणि खंडकरी हे तिघेही एकदम बँकेला दिसू लागतील. पणन मंडळ 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालवते: समितीच्या गोदामात सोयाबीन वा तूर ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी उचलायची. यात उतारा तारण नाही, जामीनदार नाही, आणि माल विकला की कर्ज फिटते. तीस वर्षांपेक्षा अधिक काळ चाललेली ही योजना लहान राहिली, कारण तिला समित्यांच्या तुटपुंज्या निधीवर सोडून दिले. व्याज सवलतीवर जाणाऱ्या पैशाचा काही भाग इकडे वळवून, आणि हळद युनिटवाल्यासारख्या प्रक्रिया उद्योजकाच्या कच्च्या मालालाही तीच सोय देऊन पाहावी. गोदामातला माल हेच तारण धरून खेळते भांडवल देण्यात बँकेची जोखीम पडीक शेडवरच्या मुदतकर्जापेक्षा कमीच आहे. आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्या पस्तिशीच्या आतल्या माणसाला दहा लाखांपर्यंत विनातारण देऊन तोट्याचा ठरावीक हिस्सा सरकारी पतहमी निधीने उचलावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी दोन कोटींपर्यंतची अशी हमी आजही आहे, ती व्यक्तीला का नसावी याचे समर्थनीय कारण मला दिसत नाही.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. शेतमालाला भाव नसेल तर कर्ज कितीही सोयीचे असो, ते फेडायचे कशातून? शेतकरी संघटनेने चाळीस वर्षांपूर्वी मांडलेला हा प्रश्न कर्जयोजनांच्या जाहिरातींत कधी येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या ज्या तरुणाने कर्ज काढून कांदाचाळ बांधली, त्याच्या चाळीतल्या उन्हाळी कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आले; त्याच्या लाल कांद्यावर 8 डिसेंबर 2023 रोजी निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली आणि शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडले. चाळीला अनुदान देणारे आणि कांद्याचा भाव पाडणारे सरकार एकच होते. कर्जाचे हप्ते या काळात एकदाही थांबले नाहीत. पावसाने पीक गेले, नुकसान 33 टक्क्यांच्या वर आहे असे ठरले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाचे पुनर्गठन होते आणि खाते थकीत ठरत नाही. अधिसूचनेने भाव गेला तर अशी कोणतीही सोय नाही. ती करता येण्यासारखी आहे: एखाद्या मालावर निर्यातबंदी किंवा निर्यातशुल्क लावणारी अधिसूचना निघाली की त्या मालाची साठवण, प्रक्रिया आणि लागवड यांसाठी घेतलेल्या कर्जांचे हप्ते बंदीच्या मुदतीइतके आपोआप पुढे जावेत, अर्ज-विनंत्या न करता, सिबिलवर नोंद न होता. त्या काळाचे व्याज अधिसूचना काढणाऱ्या मंत्रालयाच्या तरतुदीतून बँकेला मिळावे. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त देण्याचा खर्च किती येतो, हा आकडा मग अधिसूचनेवर सही होण्यापूर्वी कुणाला तरी फाइलवर लिहावा लागेल.